कातडीपुरतं

पुणे
रविवार, सकाळ

चि. बाळ,



तुझ्या गाण्याच्या बाईंवरचा लेख काल रात्री मिळाला. दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना सात वर्षांची तू परकर सावरत त्यांच्या घराचा जिना चढतेस, ते डोळ्यांपुढे आलं आणि काही वेळ पुढचं वाचताच आलं नाही. दुसऱ्यांदा वाचला तो हातात पेन्सिल घेऊन. इंग्रजी वर्तमानपत्रात तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर तपासण्यात गेली, ती सवय सुटत नाही. तिसऱ्या परिच्छेदात पेन्सिल थांबली. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण तू आता लिहायला लागली आहेस आणि पुढेही लिहिणार आहेस, म्हणून नीट बसून लिहिते.

तू लिहिलं आहेस: ‘हर डिव्होशन टू म्युझिक वॉज स्किन-डीप.’

संगीतावरची भक्ती बाईंच्या रोमारोमांत भिनली होती, असं तुला म्हणायचं आहे. वाक्य नेमकं उलट सांगतं. ते सांगतं की त्यांची भक्ती वरवरची होती, कातडीच्या आत तिचा मागमूस नव्हता. लेख ज्यात येणार ती बाईंची स्मरणिका गुरुवारी छापायला जायची आहे. पहिल्या स्मृतिदिनाला ती बाईंच्या मुलाच्या हातात पडेल. ज्यांना इंग्रजी येतं ते त्या वाक्याशी अडखळतील, तुझा हेतू ओळखतील आणि तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसतील. छापलेलं मात्र तसंच राहील.

ही चूक कशी होते ते मला कळतं. आपल्या भाषेत एखादी गोष्ट शरीरात जितकी आत जाईल तितकी ती खरी. अंगात मुरणं, रक्तात असणं, हाडीमाशी खिळणं, ही सगळी कौतुकाची बोली. त्यामुळे ‘स्किन’ आणि ‘डीप’ हे शब्द शेजारीशेजारी दिसले की मराठी मनाला त्वचेतून आत आत झिरपत जाणारं काहीतरी दिसतं. पण इथे ‘डीप’ म्हणजे ‘खोल’ नव्हे, ‘इतकं खोल’. किती, ते आधीचा शब्द सांगतो. ‘अँकल-डीप’, ‘नी-डीप’, ‘वेस्ट-डीप’ ही त्याची भावंडं. पावसाळ्यात आपण नाही का म्हणत, ओढ्याला घोटाभर पाणी आहे, गुडघाभर आहे, पुरुषभर आहे? तसंच हे माप आहे: कातडीएवढं खोल. आणि कातडी म्हणजे केवढी? तिचा सगळ्यात वरचा थर पापणीवर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो. तळव्यांवर तो सर्वांत जाड, तिथेही दीड मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात मुंगीसुद्धा बुडायची नाही.

याचं मराठी करताना लोक ‘उथळ’ लिहितात, ‘वरवरचा’ लिहितात. दोन्ही चालतात, पण नेमके बसत नाहीत. या शब्दाचा मराठीतला खरा जोडीदार शेवटी जोडायचा ‘पुरता’ आहे, असं माझं मत आहे. नावापुरता अध्यक्ष, कामापुरता मामा, तोंडापुरतं गोड. वस्तू कुठपर्यंत जाते ते सांगायचं आणि तिथेच कुंपण घालायचं, हे काम ‘पुरता’ करतो आणि ‘स्किन-डीप’ही तेच करतो. म्हणून हा शब्द लिहावासा वाटला की आधी मनात ‘कातडीपुरतं’ म्हणून बघ. ‘बाईंची संगीतभक्ती कातडीपुरती होती’ हे वाक्य तुझ्या हातून कागदावर उतरलंच नसतं. ‘कातडीपुरतं’ हा शब्द माझा नाही. तो मला कुणी दिला ते पुढे सांगते.

इंग्रजीत हा प्रयोग ज्या जुन्या लिखाणात सापडतो त्यात सर टॉमस ओव्हरबरी याची ‘अ वाइफ’ ही कविता आहे. पत्नी निवडताना काय पाहावं, हा तिचा विषय. शरीराच्या सौंदर्याचा पल्ला सांगताना त्याने हे माप वापरलं. या माणसाची कथा तुला माहीत असावी असं मला वाटतं, कारण त्याच्या आयुष्यात ही कविता नुसती सुविचारांची उरली नाही.

इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या दरबारात रॉबर्ट कार हा राजाचा लाडका होता आणि ओव्हरबरी हा कारचा जिवलग मित्र व सल्लागार. कारचं मन फ्रान्सिस हॉवर्ड या उमराव घराण्यातल्या तरुणीवर बसलं. ती तेव्हा अर्ल ऑफ एसेक्सची पत्नी होती. आधीचं लग्न रद्द करून घेऊन कारशी लग्न करायचं, असं घाटत होतं. ओव्हरबरीने याला कडाडून विरोध केला. त्याला दूर करण्यासाठी राजाने परदेशातलं राजदूतपद देऊ केलं, ते त्याने नाकारलं आणि १६१३च्या एप्रिलमध्ये त्याची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात झाली. सप्टेंबर १६१३ मध्ये तो तिथेच मेला. त्याच महिन्यात फ्रान्सिसचं आधीचं लग्न रद्द ठरलं आणि डिसेंबरात तिचं कारशी थाटामाटात लग्न लागलं. पुढच्या वर्षी, १६१४ मध्ये, ओव्हरबरीची कविता छापून आली आणि हातोहात खपली. १६१५ मध्ये चौकशी झाली, त्याला विष घातल्याचं बाहेर आलं. त्या वर्षी चौघांना फाशी झाली. त्यांत टॉवरचा अधिकारीही होता. १६१६ मध्ये कार आणि फ्रान्सिस दोघंही दोषी ठरले. त्यांची फाशी राजाने माफ केली, तरी १६२२ पर्यंत ती दोघं त्याच टॉवरमध्ये कैदेत राहिली. त्यानंतर लंडनकराने ‘अ वाइफ’ हातात घेतली तेव्हा कवीने कुठल्या लग्नाला विरोध केला आणि त्याचं काय झालं, हे सगळं त्याला ठाऊक होतं.

आता त्या कवितेतली एक बारीक गोष्ट बघ. सुंदर बायको आतून वाईट असते, असं ओव्हरबरी म्हणत नाही. सौंदर्य कुठे संपतं तेवढंच तो सांगतो. त्याखाली काय आहे ते वेगळं तपासावं लागेल, एवढाच त्याचा आग्रह. हा फरक फार लोकांच्या हातून सुटतो. आपली ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण सरळ ढोंगाचा आरोप करते. ‘दिसतं तसं नसतं’ फसवणुकीचा इशारा देते. चोखोबांच्या उसाच्या अभंगात तर दिशाच उलटी आहे, तिथे बाहेरचं वाकडेपण आतल्या गोडीला बाधत नाही. ‘स्किन-डीप’ यांपैकी काहीच नाही. ते माप घेऊन थांबतं. म्हणून ढोंगी माणसाला ‘अ स्किन-डीप मॅन’ म्हणता येत नाही. माणूस कातडीपुरता नसतो. त्याचं सौजन्य कातडीपुरतं असू शकतं, त्याचा पुरोगामीपणा असू शकतो. ज्या गुणाला बाहेर दिसणारी बाजू आहे आणि जो आतपर्यंत असावा अशी आपली अपेक्षा असते, त्यालाच हे माप लावायचं. विद्यार्थ्यांच्या लिखाणात ‘स्किन-डीप नॉलेज’ खूपदा दिसतं. मी ते खोडत आले. ज्ञान चेहऱ्यावर दिसत नाही, त्याला ‘सुपरफिशियल’ हा साधा शब्द पुरे.

आडव्या रेघेचं लवकर उरकते. नामाच्या आधी आला तर संयोगचिन्ह हवंच: ‘स्किन-डीप चेंज’. वाक्याच्या शेवटी आला तरी शब्दकोश चिन्ह ठेवतात, बऱ्याच छापील मजकुरात ते गळालेलं दिसतं. तू ठेव. ‘ओन्ली’ बहुधा सोबत येतो, पण त्याची सक्ती नाही, कारण उणेपणा शब्दातच आहे.

‘मोअर दॅन’ मात्र अर्थ पालटतो. ‘मोअर दॅन स्किन-डीप’ म्हणजे कातडीच्या पलीकडे गेलेलं, म्हणजे खरं. तुझ्या मनात येईल की मग आपल्या वाक्यात हे दोन शब्द घातले की झालं. व्याकरण सुधारेल, पण असं करू नकोस. ‘बाईंची संगीतभक्ती नुसती वरवरची नव्हती’ हे कसं वाटतं बघ. कुणी शंका घेतलीच नव्हती, ती आपणच उभी करून मग फेडायची. ज्या बाईंनी साठ वर्षं गाणं शिकवलं त्यांच्याविषयी असा खुलासा कशाला? नकारातून केलेली स्तुती जिथे आधीच संशय आहे तिथेच शोभते.

शेजारच्या दोन प्रयोगांबद्दल सांगून ठेवते, कारण हा शब्द काढलास की तुझा हात त्यांच्याकडे जाईल. एक ‘कॉस्मेटिक’. आमच्या सोसायटीच्या खांबातली सळई गंजून प्लास्टर फुटलं होतं. ठेकेदाराने वरून गिलावा मारला, रंग दिला आणि बिल लावलं. ती डागडुजी ‘कॉस्मेटिक’. त्या शब्दात कुणीतरी मुद्दाम केलेली रंगरंगोटी असते, झाकायचा हेतू असतो. ‘स्किन-डीप’मध्ये हेतू गृहीत नाही. एखाद्या गावात जातीपातीचं बोलणं थांबलं, पण पंगत अजून वेगळीच बसते, तर तो बदल ‘स्किन-डीप’. कुणी फसवायला निघालेलं असेलच असं नाही, बदल अजून आत पोचलेला नाही इतकंच.

दुसरा म्हणजे ‘अ माइल वाइड अँड ॲन इंच डीप’, मैलभर रुंद आणि इंचभर खोल. हा अमेरिकेतल्या नेब्रास्कामधल्या प्लॅट नदीवरून आला. नदीचं नावच फ्रेंचांनी ‘सपाट’ या अर्थाच्या शब्दावरून ठेवलं, आणि ‘नेब्रास्का’ या मूळ रहिवाशांच्या शब्दाचा अर्थही सपाट पाणी. एकोणिसाव्या शतकातला विनोदी लेखक बिल नाय याने तिची रुंदी मैलात आणि खोली इंचाच्याही अंशात मोजली होती. पुढे १९९०च्या दशकात अनेक देशांतल्या मुलांच्या गणित-विज्ञानाची तुलना झाली, तेव्हा अमेरिकी अभ्यासक्रमावर हाच शेरा आला: विषय ढीगभर, एकही नीट नाही. पसारा मोठा आणि खोली नाही, अशा गोष्टीलाच तो लागतो. पसारा नसेल तिथे तो वापरू नये. बाईंनी आयुष्यभर मोजकेच राग शिकवले, म्हणजे त्यांच्या बाबतीत हे माप नेमकं उलटं पडतं.

कातडीच्या रंगाबद्दल लिहिताना हा शब्द फार येतो आणि तिथे तो शब्दशः खरा आहे. रंग देणाऱ्या पेशी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असतात. काळ्या-गोऱ्या सगळ्या माणसांत त्यांची संख्या जवळपास सारखी, त्या किती रंगद्रव्य तयार करतात एवढाच फरक. तेव्हा माणसामाणसातला हा भेद कातडीपुरता आहे, असं लिहिणारा बिनचूक लिहितो. पण तोच माणूस पुढच्या ओळीत रंगावरून होणारा भेदभावही कातडीपुरता ठरवतो, तेव्हा मी त्याच्या हातातून पेन काढून घेईन. २०२० मध्ये गोरं करण्याच्या एका सुप्रसिद्ध क्रीमने नावातला ‘फेअर’ हा शब्द काढला. त्या वेळी कितीतरी मथळ्यांत ‘स्किन-डीप’ची कोटी होती. शब्द तयार मिळाला म्हणून घेतलेला. ज्या मुलीला उन्हात जाऊ नकोस म्हणून सांगत वाढवलं, तिचं दुःख कुठपर्यंत गेलं आहे हे त्यांतल्या किती जणांनी विचारलं होतं?

आता माझ्या हातून झालेलं सांगते.

२४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, सरपंचपदंही. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या एका वार्ताहराने चार गावांतल्या सरपंच बायकांवर बातमी दिली. तात्पर्य असं की बायका नावाला, कारभार नवऱ्यांचा, आणि त्यांची सत्ता ‘ओन्ली स्किन-डीप’. इंग्रजी निर्दोष होतं. ‘ओन्ली’ जागेवर, संयोगचिन्ह जागेवर. सत्तेला बाहेरची बाजू असते, आत असावी अशी अपेक्षाही असते. मी वर तुला सांगितलेल्या सगळ्या कसोट्यांना ते वाक्य उतरत होतं. मी खूण केली, बातमी पहिल्या पानावर गेली.

दहाबारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्या चारांतल्या एका गावच्या सरपंच बाईंचं, मराठीत. अक्षर नव्याने लिहायला शिकलेल्या हाताचं. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने बातमीचा अर्थ सांगितला होता. त्यांनी एवढंच विचारलं होतं की माझा कारभार कातडीपुरता आहे असं तुम्ही छापलंत, तर कातडीच्या आत बघायला तुमचा माणूस आला होता का?

मी चौकशी केली. वार्ताहर त्या गावात पंचायतीच्या ओट्यावर बसून बाईंच्या नवऱ्याशी अर्धा तास बोलला होता आणि पुढच्या गावाची एसटी पकडली होती. बाई त्या दिवशी विहिरीच्या कामाची मंजुरी आणायला तालुक्याला गेल्या होत्या. एकट्या. सलग तिसरी खेप होती ती. उरलेल्या तीन गावांत बातमी खरीही असेल, पण या गावात ती खोटी होती. आम्ही खुलासा छापला, आतल्या पानावर, चार ओळींचा. ते मला आजही खुपतं. पोस्टकार्ड माझ्या कपाटात आहे, तू आलीस की दाखवेन.

त्या दिवसापासून हा शब्द मजकुरात दिसला की मी स्पेलिंग नंतर बघायचे. आधी लिहिणाऱ्याला बोलावून विचारायचे, आत काय आहे ते तू कशावरून सांगतोस? कारण हा शब्द वापरणारा एक दावा करत असतो. मी वरचं पाहिलं, खालचंही पाहिलं, आणि हे खाली उतरलेलं नाही, असा तो दावा आहे. खरवडून न पाहता तो करता येत नाही. आमच्या कितीतरी मुलांकडे उत्तर नसायचं. मग तो शब्द जायचा आणि त्या जागी जे दिसलं तेवढंच यायचं. ‘सभेत बाई बोलल्या नाहीत.’ ‘सहीच्या वेळी नवऱ्याने कागद पुढे सरकवला.’ त्याने बातमी कधी अशक्त झाली नाही.

हेच तुझ्या वाक्याला लागू आहे, फक्त उलट्या बाजूने. बाईंची भक्ती हाडापर्यंत गेली होती हे सांगायला इंग्रजीत ‘बोन-डीप’ असा शब्द आहे, आणि चुकीच्या शब्दाच्या जागी तो घातलास तर अर्थ लागेल. पण मला तो नको आहे. बाईंना न पाहिलेला माणूसही तो लिहू शकतो. तू त्यांना चौदा वर्षं पाहिलंस.

गेल्या वर्षी तू मला सांगितलं होतंस, आठवतं? ऑपरेशननंतर बाईंचा आवाज गेला होता, डॉक्टरांनी बोलायचीसुद्धा मनाई केली होती. तरी त्या सकाळी सहाला खोलीत येऊन बसायच्या, दोन्ही तानपुरे स्वतः जुळवायच्या. घोडीवरचा दोरा केसभर सरकवत जवारी लावायच्या, ती मनासारखी लागेपर्यंत कुणाला गाऊ द्यायच्या नाहीत. मग डोळे मिटून ऐकायच्या, आणि कुणाचा गंधार उतरला की बोट वर करायच्या. एका सकाळी तुझ्यासाठी त्यांनी ते बोट अकरा वेळा वर केलं आणि बाराव्यांदा हात मांडीवर ठेवला. हे सांगताना तू माझ्या स्वयंपाकघरात रडली होतीस, आणि लेखात यातलं एक अक्षरही नाही.

तिसऱ्या परिच्छेदातलं ते वाक्य काढ आणि तिथे हे लिही. विशेषणं घालू नकोस. इंग्रजीत ‘जवारी’ला शब्द शोधत बसू नकोस, ‘जवारी’च ठेव आणि पुढे अर्ध्या ओळीत समजावून दे. बुधवारी रात्रीपर्यंत मला पाठव, कितीही उशीर झाला तरी मी जागी असेन.

तुझी,
आत्या